पांढऱ्या गुलबाक्षीचे चार सोमवार

श्रावण लागला की माझं पोट दुपारपासूनच गुरगुरायला लागतं. उपास असो वा नसो. डॉक्टर म्हणतात, वय झालं की पचन असंच होतं. त्यांना काय सांगणार? हे पोट वयानं बिघडलेलं नाही, गुलबाक्षीनं बिघडवलेलं आहे. गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत मी दरवर्षी गुलबाक्षी लावते. दिवसभर ही झाडं रुसलेल्या सुनेसारखी तोंड मिटून असतात. चार वाजून गेले, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, की एकेक कळी सैल होते. पहिली कळी सैल झाली की माझ्या पोटाला वाटतं, आज जेवायला मिळणार की नाही याचा निकाल आता लागणार.

लग्न होऊन मी वडवणीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि गावात मदरशातलं, म्हणजे सरकारी शाळेतलं, एक घड्याळ होतं. ते मनात आलं तर चालायचं. त्यामुळे गावाची आमची बाजू आमच्या परसातल्या गुलबाक्षीवर चालायची. फूल उमललं की आत्याबाई चूल पेटवायच्या आणि मी पाणी तापवायला घ्यायची. कुडाच्या पलीकडून यशवदा धनगरीण ओरडायची, "मास्तरीणबाई, उमलली का वो?" आम्ही "उमलली" म्हटलं की ती मेंढरांच्या वाड्याचं काटेरी झाकण बाजूला करायची, आणि खरोखरच थोड्या वेळात मेंढरं यायची. मेंढरांना कोण सांगत होतं कोणास ठाऊक.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. बाई अंगानं मूठभर, पण आवाज परसातून पाणवठ्यापर्यंत जायचा. त्यांचं माहेर तेलगावचं. लग्नात आईनं त्यांना भांडीकुंडी दिली ती दिलीच, पण निघताना पदराच्या गाठीत पांढऱ्या गुलबाक्षीचा एक कंद बांधून दिला. तो आमच्या परसात रुजला आणि पसरला. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जायचं, पावसाळ्यात मुळांतून आपोआप फुटायचं. बी धरून ठेवायचा प्रश्नच कधी आला नाही. गावात बाकी सगळीकडे गुलबाक्षी होती ती लालभडक. पांढरी फक्त आमच्याकडे. तेलगावातही ती उरली नव्हती. त्यांच्या भावांनी कापूस पार दारापर्यंत आणून लावला होता, त्यात आईची फुलं गेली.

या पांढऱ्या फुलाशी आत्याबाईंचा श्रावणी सोमवार बांधलेला होता. दिवसभर पाण्याचा घोट तेवढा घ्यायचा. संध्याकाळी गुलबाक्षी उमलली की पहिलं फूल महादेवाच्या पिंडीवर वाहायचं आणि मग भाकरी, मुगाचं वरण, कढी. त्यांच्या आईचाही उपास असाच सुटायचा म्हणे. सुनेनं सासूच्या आधी जेवायचं नाही हा घरातला नियम होता. म्हणजे त्या फुलावर माझंही जेवण टांगलेलं. देवाशी माझं वैर नव्हतं, पण त्या कळीकडे मी ज्या भक्तीनं बघायची तशी पिंडीकडे कधी बघितली नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

राहिले मास्तर. मास्तर म्हणजे माझा नवरा. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मनातल्या मनात मीही तेच म्हणायची. घरात पहिला शिकलेला माणूस. हैदराबादला पुढचं शिकायला गेले, तिथं तापानं पडले, अर्ध्यातून परत आले आणि मदरशात हिसाब शिकवायला लागले. हैदराबादहून येताना बरोबर काय आणलं? माझ्यासाठी फणी नाही की आईसाठी अत्तराची कुपी नाही. एक पुस्तक. त्यात कुठल्या दूरदेशच्या मठातल्या एका साधूनं वर्षानुवर्षं वाटाणे पेरून, मोजून काय शोधून काढलं ते लिहिलं होतं. मास्तर जेवताना ते आम्हाला समजावून सांगायचे. दोन रंगांच्या फुलझाडांचा संकर केला की लेकरांत एकच रंग दिसतो. दुसरा मरत नाही, आत दडून बसतो. आणि नातवंडांत, चौघांतल्या एकाच्या अंगावर, तो जसाच्या तसा परत येतो.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साधू हाय म्हणतोस, मंग वाटाणे कावून मोजत बसला? नाव घ्यायचं का देवाचं."

"आई, त्यातच देवाची करणी दिसते."

"देवाची करणी बघाया वाटाणे मोजावं लागत न्हाईत. भाकर खा गुमान."

मास्तरांनी भाकर खाल्ली, पण गुमान बसले नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांनी परसातल्या पांढऱ्या गुलबाक्षीला लाल गुलबाक्षीचे पराग लावायला घेतले. कळी उमलायच्या आधी ती हलक्या हातानं उघडायची, काटा काढायच्या चिमट्यानं तिचे तुरे काढायचे, लाल फुलाची धूळ आत लावायची, आणि वरून जुन्या धोतराच्या मलमलीचं टोपडं घालून दोऱ्यानं बांधायचं, म्हणजे दुसरं काही आत शिरणार नाही. टोपडी शिवायला मी. ज्यांना टोपडं मिळालं नाही अशी बाकीची पांढरी फुलं ते रोज खुडून टाकायचे, हिसाब बिघडू नये म्हणून. आत्याबाईंच्या सोमवारासाठी तेवढी एक फांदी राखलेली असायची.

आता जरा यशवदाच्या जागी उभं राहून बघा. लग्नाला तीन वर्षं झालेलं, मूलबाळ नसलेलं जोडपं. रोज दुपारी परसात बसतं. बायको बारीक बारीक टोपडी शिवते आणि नवरा ती एकेका कळीला घालून दोरा बांधतो. पुस्तकातल्या कुठल्या साधूनं सांगितलंय म्हणे. यशवदानं याचा अर्थ जो लावायचा तो लावला, आणि दोन दिवसांनी कुडावरून हळूच विचारलं, "किती टोपडी बांधायची हायती वो नवसाला?"

मी "नवस न्हाई हो" म्हणून सांगितलं. पण नवस कोण उघड करून सांगतं? यशवदानं समजून मान हलवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी परसात गेले तर गुलबाक्षीच्या बुंध्याला हळदकुंकू, आणि फांद्यांना आमच्या टोपड्यांशिवाय वेगळे पाच-सहा दोरे. बाजाराला आलेल्या बायका आमच्या मागच्या फटीतून येऊन बांधून गेल्या होत्या. कुणाला मूल हवं होतं, कुणाची म्हैस आटली होती, एकीनं तर नवऱ्याची विडी सुटावी म्हणून बांधला होता. मास्तर कपाळाला हात लावून खाली बसले. कोणता दोरा साधूचा आणि कोणता म्हशीचा, हे त्यांना त्या संध्याकाळी फांदीफांदीवर बोट ठेवून लावावं लागलं.

तरी बी धरलं. मिऱ्यासारखं काळं, सुरकुतलेलं. मास्तरांनी मातीच्या बोळक्यात जपून ठेवलं. आणि उन्हाळ्यात, मी माहेरी गेलेली असताना, त्यांनी ती चूक केली. जुनी मुळं जमिनीत राहिली तर कोणतं झाड बियाचं आणि कोणतं मुळाचं ते कळणार नाही, म्हणून सगळे कंद खणून काढले आणि टाकून दिले. आत्याबाईंना म्हणाले, "बी हाय ना, आई. आता एकाची पंधरा होतील." आत्याबाईंनी विश्वास ठेवला. शिकलेला मुलगा, आणि शिवाय पोटचा.

पुढच्या पावसाळ्यात झाडं उगवली, वाढली, आणि श्रावणाच्या पहिल्या सोमवारी उमलली. मास्तर मदरशातून धावत आले. मी चुलीशी होते. ते तबकात फूल घेऊन देव्हाऱ्याशी गेले आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "आई, हे घे तुझं पांढरं. सगळीच्या सगळी पांढरी आली!"

तबकात गुलाबी फूल होतं. फिकं, नाजूक, आणि चांगलं गुलाबी.

आत्याबाईंनी एकदा फुलाकडे बघितलं, एकदा मुलाकडे. परसात गेल्या, प्रत्येक झाडाचं तोंड बघितलं. एकही पांढरं नव्हतं. परत येऊन त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मी जास्त घाबरले. "माज्या मायचं फूल घालवलंस. घालवलंस तर घालवलंस, वर थट्टा करतोस. आता ते पांढरं फूल ज्या सोमवारी पिंडीवर पडंल, त्याच सोमवारी सांजंला जेवीन. तवर सोमवारचा उपास मंगळवारी सकाळी सुटंल." आणि त्यानंतर मुलाशी बोलणं बंद.

मी म्हणून बघितलं, "आत्याबाई, तगर हाय, कण्हेर हाय. देवाला पांढरं कुठलंबी चालतं."

"देवाला चालंल. मला न्हाई चालणार."

त्या श्रावणात आम्ही दोघी चार सोमवार मंगळवारपर्यंत उपाशी राहिलो. खरं सांगायचं तर आत्याबाई राहिल्या. मी गोठ्यामागे जाऊन मूठभर शेंगा खायची आणि टरफलं म्हशीपुढे टाकायची. ती म्हैस देवाघरी गेली, पण आजही सोमवारी शेंग फोडताना मी इकडेतिकडे बघते.

मास्तर मात्र डगमगले नव्हते. "पांढरा रंग भारी निघाला," ते मला सांगायचे, "लाल दडलाय. पुढच्या वर्षी बघ, चारांत एक लाल होईल." मी मनात म्हणायची, बाबा, हे पांढरं कुठलं? पण मला वाटलं, पुस्तकात गुलाबीला पांढरं म्हणत असतील. शिकलेल्या लोकांचं काही सांगता येत नाही. आणि मला एक आशा होती. लेकरांत दडलेलं नातवंडांत परत येतं असं तो साधू म्हणत होता ना? मग गुलाबीच्या पोटी आत्याबाईंचं पांढरं परत येईल. येईल का? तिसऱ्या श्रावणाची मी अशी वाट बघितली, जशी पुढे बाळंतपणाचीसुद्धा बघितली नाही.

तर तो तिसरा श्रावण. त्याचे चार सोमवार मला अजून एकेक करून आठवतात.

गुलाबी झाडांच्या बियांतून सोळा रोपं उभी केली होती. दोन यशवदाच्या मेंढीनं खाल्ली. उरली चौदा. मास्तरांनी मदरशाच्या हजेरीबुकासारखं एक बुक केलं होतं आणि संध्याकाळी चौदा झाडांची हजेरी व्हायची. ज्याला फूल आलं नाही ते गैरहाजिर. ही झाडं एकदम फुलत नाहीत, आज हे, चार दिवसांनी ते. पहिल्या सोमवारच्या आधी तीन झाडं हाजिर झाली होती. एक लाल, दोन गुलाबी. आणि सोमवारी संध्याकाळी मी बघते तर मास्तर गुलाबी फूल घेऊन परत देव्हाऱ्याकडे निघालेले! मी आडवी यायच्या आत ते आत पोचले. "आई, पांढरं."

आत्याबाईंनी तबक असं उडवलं की ते पाण्याच्या घागरीवर जाऊन आपटलं.

मी मास्तरांना परसात ओढून नेलं. नवऱ्याला हाताला धरून ओढायची ती माझी पहिलीच वेळ. "आईची थट्टा करायला लाज कशी वाटत न्हाई तुमाला? गेल्या श्रावणापासून उपाशी हाय ती बाई!"

"कसली थट्टा? अगं, पांढरं शुभ्र फूल होतं."

त्यांचं तोंड बघितलं. त्या तोंडावर थट्टा नव्हती. मास्तरांना थट्टा जमायचीच नाही, सांगितलेला विनोदसुद्धा ते दुसऱ्या दिवशी हसायचे. मी घरात गेले आणि एक पिकलेली तांबडी मिरची आणि एक हिरवी, सारख्या आकाराच्या, आणून त्यांच्या पुढे धरल्या. "यातली हिरवी कोणती?"

मास्तरांनी दोन्ही मिरच्या हातात घेतल्या, बोटांनी दाबल्या, वास घेतला, आणि एक पुढे केली. बरोबर होती. मी म्हटलं, "दाबायचं न्हाई. बघून सांगा." ते मिरच्या उजेडाकडे धरून नुसते बघत राहिले. मग मला आठवलं, परसातून तांबड्या मिरच्या तोडून आणा म्हटलं की हा माणूस निम्म्या हिरव्या आणायचा. मी समजायची, वेंधळेपणा. मी परत आत गेले, पेटीतून माझी लग्नातली गुलाबी खणाची चोळी आणि एक पांढरी चोळी घेऊन आले. "या दोन सांगा."

"दोन्ही पांढऱ्या," मास्तर म्हणाले. मग जरा जवळून बघून, "ही जरा मळकी आहे."

मळकी! सण आला की त्यांना आवडावी म्हणून मी पाच वर्षं ती चोळी घालत होते, आणि त्यांना वाटत होतं की बायको सणालाच मळके कपडे घालते! मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग त्यांच्याकडे बघून दोन्ही गेलं. ते झाडांकडे बघत होते. चौदा झाडं आणि एक पुस्तक, आणि यातलं किती खरं दिसतंय हे त्यांना कळेनासं झालं होतं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटेल, आपल्या पोटी अधू निघाला."

मी सांगणार नाही म्हणून शब्द दिला. आणि त्या दिवसापासून हजेरीचा नियम बदलला. ते बुक घेऊन माझ्या मागे, मी पुढे. मी फुलाचं तोंड बघायची, ते माझं.

दुसऱ्या सोमवारी पाच झाडं हाजिर. "हं?" मास्तर विचारायचे. मी मान हलवायची. लाल. गुलाबी. गुलाबी. कुडाच्या पलीकडून यशवदा ओरडायची, "उमलली का वो?" आणि मी ओरडायची, "उमलली, पण ती न्हाई." यशवदाला वाटायचं नवस अजून पावला नाही. ती परत एक दोरा आणून बांधायची.

तिसऱ्या सोमवारी नऊ हाजिर, पांढरं नाही. त्या संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढून उठताना तिथंच बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाल्या. मी दुधाची वाटी तोंडाला लावली तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. कळीसुद्धा इतकी घट्ट मिटत नाही. मास्तर दारात उभे होते, जवळ यायची हिंमत नाही. मला त्या क्षणी त्या साधूचा, त्याच्या वाटाण्यांचा आणि नवऱ्याच्या शिक्षणाचा इतका राग आला की ते बुक चुलीत घालावंसं वाटलं. घातलं नाही. त्यात अजून पाच गैरहाजिर होते.

चौथा सोमवार. सकाळी एक सर येऊन गेली होती. दुपारी ऊन पडलं, परसात ओल्या मातीचा आणि मेंढरांच्या लोकरीचा वास होता. आत्याबाई देव्हाऱ्यापुढे घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मास्तर आणि मी परसात. कोपऱ्यातल्या झाडाची पहिली कळी फुगली होती. मी तिच्यापुढे उकिडवी बसले. भुकेनं माझं डोकं हलकं झालं होतं, कारण तिसऱ्या सोमवारनंतर मी शेंगा सोडल्या होत्या. कळीचं टोक फिरलं, सुटलं. उमललं.

"हं?" मास्तर म्हणाले.

मी फुलावरची नजर हलवली नाही. त्यांना वाटलं परत नाहीच. त्यांनी बुकात लिहायला लेखणी खाली नेली. मी त्यांचा हात धरला. "पांढरं हाय."

त्यांनी फुलाकडे बघितलं, मग शेजारच्या गुलाबीकडे, परत फुलाकडे. त्यांना काहीच फरक दिसत नव्हता. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते पुढ्यात होतं आणि त्यांना माझा शब्द घ्यावा लागत होता. त्यांनी तो घेतला. "तूच ने," म्हणाले.

मी फूल तबकात घेऊन आत गेले. ते माझ्या मागे. "आत्याबाई, फूल आणलंय."

"कुणी आणलंय? त्यानंच ना?"

"पांढरं हाय. डोळे उघडा."

"दोनदा उघडले मी डोळे. आता न्हाई उघडत. कितींदा हसणार हाय तो मला?"

बाई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. पुढ्यात त्यांच्या आईचं फूल. गुलबाक्षी एक रात्र ताजी राहते, सकाळी मिटते, आणि श्रावणातला हा शेवटचा सोमवार, म्हणजे वेळ थोडा होता. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवून "नको" म्हटलं. मी आयुष्यात त्यांना दिलेला शब्द तेवढा एकदाच मोडला.

"आत्याबाई, ते हसत न्हवते. त्यांना रंग कळत न्हाईत. गुलाबी त्यांना पांढरं दिसतं. माजी लग्नातली चोळी त्यांना मळकी दिसती. तांबड्या न् हिरव्या मिरचीतलं त्यांना उमगत न्हाई."

आत्याबाईंनी डोळे उघडले. फुलाकडे नाही, मुलाकडे बघितलं. उठून बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या. "तांबडं न् हिरवं?"

मास्तरांनी खाली मान घालून "हो" म्हटलं.

"माज्या बापाला बी असंच हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "नारायणगडच्या जत्रंतून मायला हिरव्या बांगड्या आणतो म्हणून गेला, आन् तांबड्या घिऊन आला. हिरव्याच हायती म्हणून हौसंनं तिच्या हातात भरल्या. शेजारणी हसाया लागल्या. माय त्यास्नी म्हणायची, हिरव्याच हायती ह्या, तुमच्या डोळ्याला काय झालं? फुटंस्तवर घातल्या तिनं. त्याला कळू दिलं न्हाई. आमाला बी कुणाला बोलू दिलं न्हाई." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "देवाला फूल तोच आणायचा. पानात तांबडं फूल त्याला घावायचं न्हाई, हात नुसता चाचपत राहायचा. म्हणून मायनं कुटून तरी पांढऱ्याचा कंद मिळवला. पांढरं तेवढं त्याला घावायचं."

एवढं सगळं त्या फुलात होतं आणि आम्ही त्याला टोपडं घालून बसलो होतो. मला रडू आलं. मास्तरांनाही यायला हवं होतं. पण मास्तरांचं डोकं भलतीकडेच धावत होतं. त्यांचे डोळे चमकायला लागले, बोटं हिसाब करायला लागली. "म्हणजे आजोबांना होतं. तुला नाही, पण तुझ्यात दडलेलं. आणि मग माझ्यात परत! आई, आई, तू आमची गुलाबी आहेस!"

"मेल्या," आत्याबाई म्हणाल्या, "दोन श्रावण उपाशी हाय मी. आधी ते फूल वाहा."

फूल मास्तरांनीच वाहिलं. तसं त्यांना वाहायलाच लावलं. मग आत्याबाई तशाच परसात गेल्या, पदराचा एक धागा तोडला आणि कोपऱ्यातल्या झाडाला बांधला. "हे पांढरं. दोरा दिसतो का तुला?"

"दिसतो."

"मंग झालं."

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी अडीच भाकरी खाल्ल्या. मी किती खाल्ल्या ते सांगणार नाही.

दोऱ्याचा उपयोग मात्र एक दिवस टिकला. आत्याबाईंनी स्वतः दोरा बांधला म्हणजे खरं झाड तेच, असं यशवदानं ताडलं. आठ दिवसांत त्याला इतके दोरे लागले की फांदी वाकली, आणि शेजारच्या झाडांनाही. शेवटी यशवदालाच विश्वासात घेतलं. तिनं कोकराच्या गळ्यातलं एक घुंगरू आणून दिलं. ते पांढऱ्याला बांधलं. वारा आला की मास्तरांना न बघताही कळायचं.

भादव्यापर्यंत चौदाही झाडं हाजिर झाली. माझ्या मोजणीनं लाल तीन, गुलाबी आठ, पांढरी तीन. मास्तरांच्या डोळ्यांनी पांढरी अकरा, लाल तीन. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. साधूच्या वाटाण्यांशी त्यांचा आकडा जवळजवळ जुळत होता, आणि फुलांशी माझा. ते कितीतरी दिवस यशवदाला विचारत होते की मेंढीनं खाल्लेल्या दोनांपैकी एक लाल होतं का. यशवदा म्हणायची, "मास्तर, मेंढीला इचारा."

पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. यशवदानं गावभर सांगितलं की गुलबाक्षी पावली, आणि त्यावर मास्तरांना काहीही समजावून सांगता आलं नाही. आत्याबाईंनी नातीपुढे तांबडं आणि हिरवं असे दोन चेंडू धरून बघितले, मास्तर नसताना. पोरीनं तांबड्यावर झडप घातली. "हिला दिसतं," आत्याबाई म्हणाल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना स्वतःलाही दिसत होतं, हे त्या विसरल्या. मी विसरले नाही.

आता ते दोघेही नाहीत. यशवदा नाही, मेंढरं नाहीत, निजाम तर केव्हाच गेला. पांढऱ्याचे कंद मात्र बदलीबदलीतून माझ्याबरोबर फिरले, सोबत गुलाबीचेही, आणि पांढऱ्याच्या फांदीला ते घुंगरू मी अजून बांधते. परवाचा सोमवार. माझी लेक आणि तिचा मुलगा आले होते. मुलगा कसला, चांगला तिशीचा, धरणावरचा इंजिनिअर, मुंबईहून बायकोसाठी हिरवं लुगडं म्हणून विटकरी घेऊन आला होता आणि सगळे त्याला हसत होते. मी हसले नाही. संध्याकाळ झाली, फुलं उमलली, माझ्या पोटात गुरगुरलं. मी म्हटलं, "बाळ, गॅलरीतून पांढरं फूल आण बरं देवाला."

तो गेला. घुंगरू वाजलं नाही. परत आला तो हातात फूल घेऊन. फिकं, नाजूक, चांगलं गुलाबी. "हे घे आजी, पांढरं."

माझी लेक काही बोलायला तोंड उघडत होती. मी तिचा हात दाबला.

"हो रे, पांढरंच आहे," मी म्हटलं, आणि ते पिंडीवर वाहून जेवायला उठले.